वाघ्या घेवडा आणि आंटीचं चोरीस

चेंबूर, रविवार

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. पहाटे साडेचारला कंडक्टरनं 'मैत्री पार्क' असा पुकारा केला आणि अर्धी एसटी डोळे चोळत खाली उतरली. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, गोव्याच्या गाड्या इथेच थांबतात. पाऊस असा, की समोरचा पूल दिसेना. माहुलकडच्या रिफायनरीची ज्योत तेवढी ढगाखाली लालभडक.

राहायची सोय गावठाणात झाली आहे. चर्चमागच्या गल्लीत जुनं कौलारू घर, मालकीण पासष्टीच्या. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणते, मीही म्हणतो. त्या ईस्ट इंडियन. म्हणजे इथल्याच मूळच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. पश्चिम किनाऱ्यावर राहून नाव पूर्वेचं कसं, असं मी विचारलंच. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून इथल्या लोकांनी ते नाव घेतलं. आणि आंटींनी लग्न केलं ते गोव्याच्याच माणसाशी! साहेब आता भिंतीवर, फोटोत.

तू बांधून दिलेला वाघ्या घेवडा त्यांच्या हाती दिला. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, खिडकीशी नेऊन गुलाबी अंगावरचे तांबडे पट्टे पाहिले आणि म्हणाल्या, "हा तर राजमाच रे, पण देखणा." पुढच्या आठवड्यात गोव्याहून चोरीस येणार आहे, तेव्हा हा करू, असं ठरलं.

तुझा, भाऊ


चेंबूर, बुधवार

ती. अक्कास,
सा. न.

हे पत्र आईला वाचून दाखवशील तेव्हा इथून पुढचं गाळ. एकादशीला साबुदाण्यावर होतो, एवढं मात्र सांग.

चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. आंटींच्या नणंदेनं म्हापशाहून रात्रीच्या बसमध्ये ठेवलं, मी सकाळी मैत्री पार्कवर जाऊन उतरवून घेतलं. वर्तमानपत्राची तीन वेष्टणं, तरी हाताला लाल तेल लागलं. आत सुतळीनं बांधलेली माळ, एकेक मणी मोठ्या बोराएवढा. आईच्या गळ्यातली माळ आठवली आणि जीभ चावली.

ते करतात उन्हाळ्यात. मांस आणि चरबी बारीक चिरून मिठात दाबून पाणी काढायचं, मग सुकी मिरची, लसूण, मिरे, लवंग, दालचिनी माडाच्या विनेगरमध्ये वाटून त्यात मुरवायचं, उन्हात सुकवून आतड्यात भरायचं आणि चुलीवर धुरात टांगायचं. पावसाळ्यात मासळी बंद होते, त्यासाठीची ही बेगमी. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. आपण पापड-कुरडया, सांडगे करून ठेवतो, तसंच.

आता माझा प्रताप ऐक. आंटी प्रार्थनेला गेल्या होत्या. भिजवलेला घेवडा, चिरलेलं चोरीस, कांदा, सगळं एकदम कुकरमध्ये घातलं. चार शिट्ट्या. दाणा कडक. आणखी चार. तसाच. वास असा, की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. दाणा मात्र दातांखाली खडा. आंटी आल्या, झाकण उघडून एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि हसल्या. "विनेगर लागला की दाणा हट्टी होतो, बाबा. आधी त्याला एकट्याला शिजू दे, मग लग्न लाव." शिवाय आपला घेवडा गेल्या वर्षीचा, जुना दाणा मुळातच उशिरा शिजतो.

मला वाटलं, एवढं खर्चाचं चोरीस, खाऊन टाकू. त्यांनी हात धरला. राजमा अर्धकच्चा खाल्ला तर उलट्या होतात. त्यातलं विष चांगलं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. मग तेच भांडं आधी खळखळून उकळलं, नंतर मंद आचेवर अडीच तास. जेवलो साडेदहाला. दाणे मऊ झाले, चोरीस मात्र दोऱ्यासारखं पिंजून निघालं. चव वाया गेली नव्हती, एवढंच.

तुझा, भाऊ


चेंबूर, रविवार

ती. अक्कास,
सा. न.

काल आंटींनी स्वतः केलं. घेवडा रात्रभर भिजवला, भिजवणीचं पाणी ओतून दिलं, नव्या पाण्यात आधी उघड्यावर खळखळून उकळला, मग कुकरला सहा शिट्ट्या. पट्टे गेले, सगळे दाणे एकरंगी तपकिरी. मला जरा वाईट वाटलं. वेगळ्या पातेल्यात चोरीस नुसतंच टाकलं, थेंबभर तेल नाही. चरबी वितळून तळाशी लाल तर्री आली, तिच्यात कांदा परतला. मग घेवडा, थोडं त्याचंच पाणी. मीठ चाखून, शेवटी. गोव्यात याला फेजुआद म्हणतात. पोर्तुगीजमध्ये फेजाँव म्हणजे घेवडा. ब्राझीलमध्ये तोच पदार्थ काळ्या घेवड्याचा करतात. घेवडा मूळचा अमेरिकेतला, मिरचीही तिथलीच. म्हणजे कोरेगावचा आपला 'गावठी' घेवडा चोरीसच्या मिरचीचा गाववालाच निघाला.

शेवटी आंटींनी चमचाभर बॉटल मसाला घातला. मे महिन्यात कुटून बियरच्या बाटल्यांत ठासून भरलेला हा ईस्ट इंडियनांचा मसाला. गोव्याच्या माणसाला हे खपायचं नाही. त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "तीस वर्षं हे बोलत राहिले, खातही राहिले."

पाव बुडवून चार घास खाल्ले आणि मग बोलणंच थांबलं. धूर, आंबट, तिखट, आणि मध्ये आपला घेवडा लोण्यासारखा. दुकानातल्या राजम्याची साल तोंडात राहते, याची राहत नाही. हे मी नाही, आंटी म्हणाल्या.

सप्टेंबरात नवा घेवडा निघाला की पाच किलो वेगळा काढून ठेव आणि मुंबईच्या एसटीनं मैत्री पार्कला पाठव. टिकावा म्हणून राख चोळू नकोस; आंटींकडे ती धुवायला पाण्याची टंचाई असते.

तुझा, भाऊ