जूनमधला सूर्य

सासूबाईंचा रात्रीभोजनाचा त्याग चाळीस वर्षांचा. बेळगावात ते सोपं. दिवेलागणीआधी ताट उरकायचं. पण जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला सूर्य मावळतो रात्री दहाच्या पुढे! माझा मुलगा खूश. "आजी, आठला सगळे एका टेबलावर. सूर्य साक्षीला आहेच." क्रूझचे एवढे पैसे त्याने त्यासाठीच तर भरलेले.

"सूर्य असू दे रे बाबा, सहानंतर माझं पोट मिटतं," त्या म्हणाल्या. सहालाच बिनकांद्याचा डाळ-भात जेवून मोकळ्या. आठला आमच्यात येऊन बसल्या, पाण्याचा घोटही न घेता. मुलाचा चेहरा उतरला. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू? नियमाने मुभा दिली, ह्यांनी ती घेतली नाही.

मग ग्लेशिअर बे. 1750च्या सुमारास हा अख्खा उपसागर बर्फाने भरलेला होता. पुढे सरकणाऱ्या त्या हिमनदीने हुना लिंगिट लोकांना गाव सोडायला लावलं. नंतर बर्फ मागे हटत गेला, तो आता शंभरेक किलोमीटर आत. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. कडा कोसळला, आवाज क्षणभर मागून आला, वळवाच्या गडगडाटासारखा. डेकवर टाळ्या, शिट्ट्या.

सासूबाईंनी हात जोडले. "अगं, अप्काय जीव ते. टाळ्या कसल्या वाजवतात?" आणि णमोकार पुटपुटू लागल्या. नातवाने उचललेले हात खाली घेतले.

त्या दिवशी त्याने टेबल साडेपाचचं घेतलं. बाहेर लख्ख दुपार होती.