बॅट, बॉल आणि गावस्कर

आमच्या जालन्यात एमआयडीसीकडे जाताना खेळाच्या सामानाचे एक दुकान लागते. तिथे बेसबॉलची बॅट मिळते. बॉल मात्र मिळत नाही. ‘बॉल कुणी मागतच नाही, साहेब,’ मालक म्हणाले. मग बॅट कशाला खपते, हे विचारायचा धीर मला झाला नाही. इथल्या रोलिंग मिलमधून एवढ्या सळया निघत असताना माणसांना वर लाकडी दांडके का लागावे, कोण जाणे!

मी गेलो होतो चिरंजिवांसाठी क्रिकेटची बॅट आणायला. पण काउंटरवर ट्रम्प कार्डांचे पुडके दिसले आणि पाय अडकले. सामने, धावा, शतके. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. लहानपणी धाकट्याचा गावस्कर मी असाच जिंकला. म्हणजे, खरे सांगायचे तर, त्याच्या दप्तरातून काढला. 10,122 धावा आणि 34 शतके खिशात असली की माणूस गल्लीतून छाती काढून चालतो हो! धाकटा दोन दिवस नीट जेवला नाही. 2011 साली आमच्या जालन्याच्या विजय झोलने कूचबिहार करंडकात नाबाद 451 काढल्या, तेव्हा त्याचा फोन आला, “दादा, ह्याचा पत्ता निघाला तर आधी मी घेणार.”

“ह्यात गावस्कर आहे का हो?”

“आता कुठला गावस्कर, साहेब! सगळे आयपीएलवाले.”

तरी घेतले. रात्री धाकट्याला पाठवायला पाकीट आणले, पत्ते मोजले, तर एक कमी. चिरंजीव खाली मान घालून, फारच मन लावून, दप्तर भरत होते.