तपासणीच्या तयारीविषयी

चि. ताईस,

राष्ट्रीय गुणवत्ता मानकांनुसार तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची तपासणी पुढील महिन्यात व्हावयाची असून, त्या धास्तीने सारी मंडळी रंगरंगोटीत आणि फलक लावण्यात गुंतली आहेत, असे तू लिहिलेस. भिंतींना रंग अवश्य दे. परंतु आयुष्याचा मोठा भाग शासकीय रुग्णालयांत, प्रथम परिचारिका आणि पुढे अधिसेविका म्हणून घालविल्याने माझे जे ठाम मत बनले आहे, ते तुला वेळीच कळविणे मी माझे कर्तव्य समजते. आपल्या उणिवा परक्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वी आपणच शोधून कागदावर मांडणे, आणि ज्यांवर तूर्त इलाज नाही त्या न झाकणे, हीच तपासणीची खरी तयारी होय.

या मानकांची रचनाच अशी आहे की केवळ सजावटीने भागत नाही. एकूण ८ विभागांतील प्रत्येक मुद्द्यास ०, १ किंवा २ गुण दिले जातात, आणि ते देताना तपासनीस नुसते दफ्तर चाळून थांबत नाहीत. ते प्रत्यक्ष पाहतात, कर्मचाऱ्यांना विचारतात आणि रुग्णांशीही बोलतात. वापरलेली सुई कोठे टाकावयाची, असे सफाईच्या बाईंना कोणी विचारले, तर त्यांचा हात आपसूक पांढऱ्या डब्याकडे वळला पाहिजे. तो वळावयाचा असेल तर मात्र त्यांना जाड हातमोजे वेळेवर मिळाले पाहिजेत, आणि पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांच्या आत उचलून नेणारी गाडी खरोखर येत असली पाहिजे. ही तजवीज त्या बाईंची नव्हे, तुझी आहे.

लशी ठेवण्याच्या आयएलआर शीतकपाटाची तपमानवही तू स्वतः उघडून पाहा. सकाळ-सायंकाळ भरावयाच्या त्या वहीतील सुट्टीचे रकाने सुटले असतील, आणि तपासणीच्या आदल्या रात्री ते एका बैठकीत, एकाच शाईने भरून टाकावेत असे कोणीतरी सुचवील. त्या सूचनेस कदापि संमती देऊ नकोस. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते, आणि रात्री वीज गेल्यावर ती तशी राहिली की नाही हे सांगणारा तुझ्यापाशी त्या वहीइतका सोपा साक्षीदार दुसरा नाही. तेथे खोटा ४ चा आकडा लिहिणे म्हणजे निकामी झालेली लस बालकाच्या दंडात टोचण्यास दाखला देणे होय. रकाना रिकामा असेल तर राहू दे, त्यापुढे खरे कारण नोंद, आणि सुट्टीच्या दिवशी नोंद कोणी करावयाची ते आजच ठरवून लेखी हुकूम काढ.

प्रसूतिकक्षाविषयी मी अधिक आग्रही आहे. जन्मतः न रडणाऱ्या अर्भकास पहिल्या मिनिटाच्या आत श्वासाचे साहाय्य मिळावे लागते. सबब अंबू बॅग कपाटात कुलूपबंद नसून वॉर्मरपाशीच आहे, तिचा लहान मास्क जागेवर आहे, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ती बाहुलीवर वापरून दाखविता येते, याची खात्री करून घे. जमल्यास रात्रीच, अवचित जा.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली, हे महाराष्ट्रातील कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याने विसरू नये. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचा अग्निसुरक्षेचा दाखला फाइलमध्ये लावून तुझी जबाबदारी संपत नाही. अग्निशामक नळकांडे कसे चालवावयाचे हे शिपायापासून सर्वांना येते काय, आणि मागचा दरवाजा सामानाने अडलेला नाही ना, हे तू पाहावयाचे आहे.

आणखी एक. या दिवसांत कोणावरही रागावू नकोस. धाकापोटी माणसे उणिवा दडवितात, आणि दडविलेली उणीव तुला कळणारच नाही. एकूण गुण ७० टक्क्यांच्या वर जावेत ही माझीही इच्छा आहे, पण एखाद्या मुद्द्यावर प्रामाणिक शून्य पडले तर ते स्वीकार.

हे पत्र पोचताच प्रसूतिकक्षापासून आरंभ कर, आणि काय काय उणे आढळले ते मला सविस्तर लिही.

तुझी
मावशी