खेळून काय मिळाले?

भाषांतर करणाऱ्याला काही शब्द वर्षानुवर्षे छळत असतात. माझ्या बाबतीत ‘ॲथलीट’ हा त्यांपैकी एक होय. इंग्रजी लेख मराठीत आणताना हा शब्द आला की लेखणी थबकते. ‘खेळाडू’ म्हणावे, तर बुद्धिबळ खेळणाराही खेळाडूच. ‘धावपटू’ म्हणावे, तर भाला फेकणारा बाहेर राहतो. आणि ‘मल्ल’ काही आखाडा सोडून येत नाही. या शब्दाचे मूळ शोधू गेले, तेव्हा त्याच्या ग्रीक धातूच्या पोटात ‘बक्षीस’ दडलेले आढळले. बक्षिसासाठी झुंजतो तो ॲथलीट!

आपल्या आखाड्यातील शब्द मात्र निराळीच गोष्ट सांगतात. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. ‘कसरत’ही तिकडचीच, विपुलता, बहुलता हा तिचा मूळ अर्थ. आणि पैलवान आपल्या रोजच्या व्यायामाला साध्या शब्दात ‘मेहनत’ म्हणतो. या तिन्ही शब्दांत बक्षिसाचा मागमूसही नाही. वाचकहो, हा भेद केवळ कोशापुरता असता, तर त्यासाठी आपला वेळ घेतला नसता. परंतु तो आपल्या घरांत रोज उभा राहतो.

माझी धाकटी बहीण शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत आठ वर्षे आठशे मीटर धावत होती. पहाटे पाचला ती मैदानावर असे. आईने रात्री भिजवून ठेवलेले हरभरे खाऊन तशीच कॉलेज गाठी. तिला खिळ्यांचे बूट घ्यावयाचे म्हणून एका दिवाळीला घरात कोणालाच नवे कपडे आले नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला दोनदा तिसरा क्रमांक मिळाला. त्यापुढे ती कधी गेली नाही. तिच्या लग्नात एका वडीलधाऱ्या आप्तांनी सहज विचारले, “एवढी वर्षे धावलीस, पोरी, पण मिळाले काय?” प्रश्नात दुष्टावा नव्हता. ती नुसती हसली. मी मात्र त्या प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले.

खाशाबा जाधव यांचे चरित्र आठवून पाहा. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला. अंगाला सवय लाल मातीची; तेथे झुंजावयाचे मॅटवर. फ्लायवेट गटात ते सहावे आले. सहाव्याला पदक नसते. त्याच दिवशी कोणी हिशेब मांडला असता, तर बाकी शून्य आली असती. खाशाबांनी पुढची चार वर्षे पुन्हा मेहनतीला वाहिली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ साली खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. पण लंडनचे खाशाबा हेलसिंकीच्या खाशाबांहून उणे खेळाडू होते काय?

पी. टी. उषा यांची हकीकत याहून कठोर आहे. केरळातील पय्योळीच्या या मुलीने १९८४ साली लॉस एंजेलिस येथे चारशे मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत ५५.४२ सेकंदांत पुरी केली. तिसरी आलेली रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंदांत पोचली होती. गणित करून पाहिले, तर त्या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे सात सेंटिमीटर अंतर कापले जाते. म्हणजे जेमतेम चार बोटे! दहा अडथळे ओलांडल्यावर चार बोटांनी पदक हुकले. त्या चार बोटांच्या अलीकडे मेहनत आणि पलीकडे नुसता खटाटोप, असे म्हणण्यास कोण धजेल?

खेळाडू होणे म्हणजे आपल्या देहाचा शिष्य होणे. केव्हा जोर लावावा, केव्हा थांबावे, कोणते दुखणे अंगवळणी पडेल आणि कोणते जायबंदी करील, हे त्याला रोज शिकावे लागते. माझी बहीण एका वहीत आपल्या वेळा टिपून ठेवी. त्या वहीत इतर मुलींची नावे जवळजवळ नव्हतीच; काल किती आणि आज किती, एवढेच. हरलेल्या दिवसाची वेळही तिने तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिली आहे.

याचा अर्थ व्यवहार विसरावा असा नव्हे. खेळावर पोट भरणारे थोडेच. शिक्षण सुटता कामा नये, आणि बुटांचे पैसे कोणाच्या तरी ताटातून येतात, हेही मुलांना कळलेले बरे. परंतु तो खर्च शिक्षणाचा आहे, सोडतीच्या तिकिटाचा नाही, हे एकदा मनाशी पक्के झाले, म्हणजे घरातील पुष्कळशी कुरबूर आपोआप थांबते.

तेव्हा आपला मुलगा अथवा मुलगी संध्याकाळी घामाने निथळत मैदानावरून घरी येईल, तेव्हा कितवा क्रमांक आला, हे थोडे मागाहून विचारा. आधी विचारा, “आज काय नवे जमले?” या प्रश्नाला मुलांपाशी बहुधा उत्तर असते, आणि ते सांगताना त्यांना जेवणाचीही आठवण राहत नाही.