अब्बांचा 'गैन'

म्हसवडच्या बाजारपेठेत अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. एकदा एका गिऱ्हाइकानं मासिकातल्या महागड्या घड्याळाचा फोटो दाखवला. खालचं इंग्रजी अक्षरांतलं नाव अब्बांनी अडखळत वाचलं, "टूरबिलन." मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. चारचौघांत हसून म्हणालो, "टूरबिलियन म्हणतात, अब्बा!" ते काही बोलले नाहीत. डोळ्याला भिंग लावून पुन्हा कामाला लागले.

पुढं कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, तेव्हा कळलं की मीही चुकलो होतो. शब्द आहे 'तूर्बियों'. सुरुवातीला ट नव्हे, त. दोन 'एल'चा उच्चार य. शेवटचा 'एन' नुसता नाकात. मधला र मात्र जिभेच्या शेंड्यानं नव्हे, घशातून काढायचा. तो मला काही केल्या जमेना.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "घशातून? म्हणजे मकतबातल्या गैनसारखा?" आणि पहिल्याच खेपेला त्यांनी तो शब्द माझ्यापेक्षा चांगला म्हटला.

"अर्थ काय रे त्याचा?"

"वावटळ."

अब्बा खुलले. उन्हाळ्यात माणच्या उघड्या रानात पाचोळा गरगरवत जाणारी वावटळ त्यांना काय नवी! मग मी वाचलेलं सांगितलं. चावीचं घड्याळ उभं धरलं की बॅलन्स चक्राच्या वजनातला बारीकसा फरकही वेळ बिघडवतो, आणि खिशातलं घड्याळ तर दिवसभर उभंच. म्हणून पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे यांनी बॅलन्स चक्र आणि एस्केपमेंट एका फिरत्या पिंजऱ्यात बसवली. 1801 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पिंजरा बहुधा मिनिटाला एक फेरा घेतो. एका बाजूला घड्याळ जेवढं पुढं जातं, तेवढं दुसऱ्या बाजूला मागं येतं आणि चुका एकमेकींना खातात.

अब्बांनी हातातलं एचएमटी जनता आधी आडवं, मग चावी वर, मग चावी खाली धरून दाखवलं. "मी हे हातानं फिरवून तपासतो. त्याचं आपोआप फिरतं, एवढंच."

मी धीर करून त्या दिवशीच्या हसण्याची माफी मागितली.

"घड्याळ मागं पडलं म्हणून आपण त्याला हसतो का?" ते म्हणाले. "टाइम मिळवून देतो आणि गिऱ्हाइकाला परत करतो."