ओळख आणि ओढ

रविवार, धरमपेठ, नागपूर. दुपारी 'मुंबई-पुणे-मुंबई' पुन्हा पाहिला. सतीश राजवाडेंचा 2010 चा हा चित्रपट जवळजवळ सगळा स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्या बोलण्यावर उभा आहे. स्थळ पाहायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी आणि तिथे भेटलेला मुलगा दिवसभर वाद घालत हिंडतात. हे मला अगदी खरं वाटतं. एकानं थोडं मन मोकळं केलं की दुसराही करतो, ओळख अशीच वाढते. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात, वडीलधाऱ्यांसमोर, ते कुठून व्हायचं?

खटकते ती घाई. एका दिवसात माणूस आवडेल, पण कळेल कसा? म्हणून 2015 चा दुसरा भाग मला जास्त प्रामाणिक वाटतो. लग्न ठरल्यावर तिचं मन डळमळतं, आणि चित्रपट ते हसण्यावारी नेत नाही.

पण लग्नानंतर नातं कशावर टिकतं? जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं जोडप्यांचं बोलणं टिपलं. भांडणापेक्षा तुच्छता संसार पोखरते, आणि साध्या हाकेला मिळालेली ओ नातं टिकवते, असं त्याला दिसलं. परवा गोकुळपेठ बाजारात तेच दिसलं. एक आजोबा आजींना म्हणाले, "सांभार पाय, किती ताजा हाये." आजींनी हातातली वांगी खाली ठेवली, कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेली, म्हणाल्या, "घ्या दोन." असा प्रसंग कुणीतरी चित्रपटात घ्यावा, मध्यंतरानंतर, पार्श्वसंगीताशिवाय. मी तो तिकीट काढून पाहीन.