बारीक माणसाचं इन्सुलिन

१ जून २०२५, रविवार
आबांचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनी थकलेली; सीआरपी वाढलेला, म्हणजे अंगात दाह. उपाशीपोटी साखर ठीक. पण ती ठीक ठेवायला शरीराला स्वतःचं इन्सुलिन बरंच जास्त लागतंय. आबांना मधुमेह कधीच नव्हता, रक्तदाब जुना. अंगावर मांस म्हणून नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्या काटकुळ्या माणसाला कसला आलाय साखरेचा त्रास?’ आमच्या देहूत बहुतेकांचा समज हाच.

५ जून, गुरुवार
किडनी थकली की इन्सुलिनचा जोर कमी पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं; ते ताडून पाहायला रात्री वाचत बसले. १९८१मध्ये राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी किडनी निकामी झालेल्या माणसांच्या शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी सोडून इन्सुलिन किती काम करतं ते मोजलं. दोष मुख्यतः स्नायूंत निघाला. इन्सुलिन पेशीला जाऊन चिकटतं, पण पुढे आतली साखळी हलत नाही. कारणं एकात एक गुंतलेली: रक्तात साचणारी विषारी द्रव्यं, वाढलेलं आम्ल, कमी झालेली हालचाल आणि अंगात सतत धुमसणारा दाह. हा दाह ना ताप आणतो ना ठणका. तो भूक मारतो, स्नायू झिजवतो, रक्तवाहिन्या कडक करतो. किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात, ते यामुळेही.

बारीक असण्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आबांसारख्या कितीजणांना वजनकाट्याने असं फसवलं असेल!

९ जून, सोमवार
दाह कुठून येतो ते पाहायला आबांना दंतवैद्याकडे नेलं. हिरड्या सुजलेल्या, पू धरलेला. असा जुना दाह सगळ्या शरीराला पोचतो. आबांची मशेरी आजपासून बंद. ते रागावलेत, रागावू देत.

१८ जून, बुधवार
पालखीचं प्रस्थान. गावात पाय ठेवायला जागा नाही. पंढरपूरपर्यंत जायला डॉक्टरांची परवानगी नाही, पण उद्या आकुर्डीच्या मुक्कामापर्यंत आबा सावकाश चालणार. चालण्याला ना नाही; काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो. रोज सकाळी इंद्रायणीच्या घाटापर्यंत जा, असं तर डॉक्टरांनी लिहूनच दिलंय.

२१ जून, शनिवार
योगिनी एकादशी. आबांचं पोटॅशियम वाढलेलं, म्हणून उपासाला बटाटा आणि शेंगदाणे वगळले. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, तोही घासभरच.

शेजारचे काका मधुमेही, डायलिसिसवर. उपास धरून नेहमीएवढंच इन्सुलिन घेतलं आणि दुपारी घामाने भिजले, बोलणं अडखळायला लागलं. साखर ५२. ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, तेव्हा सावरले. या दुखण्याची खरी अडचण हीच. इन्सुलिन मोडून काढण्यात किडनीचा वाटा मोठा. ती थकली की टोचलेलं इन्सुलिन रक्तात रेंगाळतं. एकीकडे त्याचा जोर कमी, दुसरीकडे मुक्काम लांब. म्हणून डोस डॉक्टरांना विचारून वारंवार बदलावा लागतो. रक्त कमी असेल तर साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीवरही पूर्ण विसंबता येत नाही.

२३ जून, सोमवार
एका दिंडीतल्या ओळखीच्या मावशींचा फोन. गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅक घेतायत, उन्हात पाणीही कमी पितायत. रक्तदाबाची गोळी चालूच. ऐकून पोटात गोळा आला. हे तिन्ही एकत्र आलं की धडधाकट किडनीसुद्धा बसू शकते. डायक्लोफेनॅक थांबवून आधी वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखवायला सांगितलं.

दिंडीप्रमुखांना हात जोडून विनंती: वेदनाशामक गोळ्या मागेल त्याला वाटू नका, आधी रक्तदाब, मधुमेह, किडनी यांची विचारपूस करा. आणि ज्यांच्या घरी रक्तदाबाचं किंवा साखरेचं माणूस आहे, त्यांनी ते कितीही बारीक असलं तरी वर्षातून एकदा त्याच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं.